शेवट न लिहिलेले खेळ

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार वगैरे गृहीत धर, कारण गोटू पायाला लोंबकळतोय आणि मी उभ्याउभ्याच लिहितेय.

तुझ्या नातवाने आमची पार भंबेरी उडवली आहे. सव्वादोन वर्षांचं एवढंसं पोर, पण सकाळी डोळे उघडले की घरात नुसता उच्छाद. काल सोफ्याच्या पाठीवर चढून पडद्याला लटकला. पडदा, दांडा आणि चिरंजीव, तिघेही एकदम खाली. हातात मोबाईल दिला की गप्प, काढून घेतला की शेजारच्या बाई खिडकीतून विचारतात, "काय झालं हो?" मागच्या दारी चांगलं अंगण आहे, फाटक आहे, नळ आहे, आणि आम्ही त्याचा उपयोग फक्त कपडे वाळत घालायला करतो. गोटूला तिथे नेलं तर दोन मिनिटं उभा राहतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो, आता काय? मलाही तेच कळत नाही.

तू बावीस वर्षं बालवाडीच्या अंगणात पोरं खेळवलीस. मला पाच-दहा मिनिटांचे, घरातल्याच सामानावर होणारे खेळ पाठव. फोनवर नको, फोनवर मी हो हो म्हणते आणि विसरते. लिहूनच पाठव, म्हणजे फ्रिजवर लावता येतील. अक्षर जरा मोठं काढ, आणि वाचणाऱ्याला काही म्हणजे काही येत नाही असं धरून चाल.

एक मेपासून मी कामावर रुजू होतेय. तू आपल्या ठरल्याप्रमाणे एप्रिलअखेर येशीलच, आतली छोटी खोली तुझी. तोवर तग धरायला म्हणून हे खेळ.

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरे,

पडदा पडला हे वाचून मला हसू आवरेना. तू स्वतः काय कमी होतीस? माझ्या खोलीतली पत्र्याची पेटी तू अंगावर पाडून घेतली होतीस, आणि वर मलाच म्हणालीस, "पेटी पडली, बघ ना!"

आता खेळ. मोठ्या अक्षरात लिहितेय, चष्मा नसला तरी चालेल.

पहिला, रंगाऱ्याचा. बादलीत चार बोटं पाणी आणि भिंतीला रंग देतात तो रुंद ब्रश. गोटूला सांग, भिंत रंगवायची आहे. ओली भिंत गडद दिसते, वाळली की पुन्हा होती तशी, त्यामुळे काम काही संपत नाही. बादलीपासून मात्र आपण हलायचं नाही, फोन वाजला तरी. पाणी चार बोटं असलं तरी पाणीच आहे.

दुसरा, पाणक्याचा. दोन पातेली, मध्ये पाच पावलांचं अंतर आणि एक जाड स्पंज. ह्या पातेल्यात स्पंज भिजवून त्या पातेल्यात पिळायचा. अर्धं पाणी पायांवरच सांडतं, सांडू दे.

तिसरा, हमालाचा. लहान पिशवीत चार बटाटे घालायचे आणि फाटकापाशी नेऊन ठेवायला सांगायचं. पोरांना ओझं फार आवडतं, आपण उगाच त्यांच्या हातात हलक्या प्लॅस्टिकच्या वस्तू देतो. एक खेप झाली की एक बटाटा वाढवायचा.

आणि तिन्हींना एकच नियम. खेळ मांडून दिला की आपण मागे सरायचं आणि मनात साठ मोजायचे. मदत नाही, शाबासकी नाही, "असं नाही रे, तसं" तर मुळीच नाही. तू साडेतीन वर्षांची होतीस तेव्हा पायरीवरून उडी मारायला अर्धा तास अडून बसली होतीस. तुझी आई दुकानातून तुला न्यायला आलेली, "धर तिला, धर तिला" म्हणून ओरडत होती. मी मोजत होते. एकोणपन्नासला मारलीस उडी. आणि मग धावत आलीस ती माझ्याकडे! आई बिचारी हात पसरून उभीच. तू संध्याकाळी घरी जायला कधी तयार नसायचीस, माझ्या साडीला धरून लपायचीस. गेले ते दिवस.

मोठ्या बाईंना मी परवा तोंडी सांगून टाकलं, मार्चअखेर मी सुटणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर अंगण कोण सांभाळणार?" मी म्हटलं, मला आता एकच पोर सांभाळायचंय. कसली मिजास वाटली मला म्हणताना.

तुझी,
मावशी


२ मार्च

प्रिय मावशी,

तुझे खेळ म्हणजे जादू आहे. गोटूने मागची सगळी भिंत रंगवून काढली, मग फाटक, मग वाळत घातलेली चादर, मग शेजाऱ्यांची मांजर. पाणक्याच्या खेळात तो पाऊण तास रमतो. हमालाचा खेळ सहा बटाट्यांपर्यंत गेलाय. मोबाईलची आठवणही काढत नाही.

एकच घोटाळा आहे. खेळ सुरू छान होतो, पण आवरायचं म्हटलं की गहजब. बादली उचलली की हा जमिनीवर आडवा. ओढत आत आणावं लागतं, आणि मग जेवण नाही, झोप नाही, सगळ्या दिवसाचा विचका. खेळ संपवायचा कसा, ते तू लिहायचं विसरलीस. तेवढं लिही ना. अजून दोन-तीन खेळही पाठव, बिनपाण्याचे.

एप्रिलचं बोलू या सावकाश. इथे सध्या जरा गडबड आहे.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

घे बिनपाण्याचे.

दोरीवरचे कपड्यांचे चिमटे दहा-बारा घे आणि अंगणात दिसतील असे लाव. कुंडीला, फाटकाला, तुझ्या ओढणीला. गोटूने शोधून काढून डब्यात टाकायचे. काढायला जोर लागतो, बोटं तयार होतात.

जमिनीवर खडूने लांब रेघ ओढ, वाकडीतिकडी, मध्येच गोल फिरणारी. तिच्यावरून चालायचं. आधी नुसतं, मग हळू, मग हातात वाटी घेऊन. खडू नसेल तर विटेचा तुकडा चालतो.

सकाळच्या उन्हात सावली तुडवायची. त्याने तुझ्या सावलीवर पाय द्यायचा, तू पळायचंस. हा खेळ पाच मिनिटांच्या वर कोणाला झेपत नाही. तुला तर तीनच.

आवरण्याचं म्हणतेस, ते कागदावर लिहून जमण्यातलं नाही. ते हातात असतं. मी आले की बघशील, चार दिवसांत गोटू शहाण्यासारखा स्वतःच्या पायांनी आत येईल. तोवर रडू दे थोडा.

कालच राजीनाम्यावर सही केली. माझ्या जागी एक मुलगी घेतली आहे, चुणचुणीत वाटते, पण शिट्टी वाजवते. पोरांना कोणी शिट्टी वाजवतं का, ती काय पोलिसांत आहे? बालवाडीमागची ही खोली तीस एप्रिलला तिला द्यायची आहे. मी आवराआवरी सुरू केली. पेटी तेवढी बरोबर आणते, बाकी सगळं वाटून टाकतेय. स्टोव्ह बाजूच्या आयाबाईंनी नेला, खुर्ची शिपायाने. तिकीट तू काढतेस की मी काढू?

तुझी,
मावशी


१४ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

आपली गाठ लग्नातच पडली तेवढी, म्हणून आधी ओळख सांगते. मी गोटूची आजी, तुमच्या भाचीची सासू. पत्ता तुमच्या पाकिटावरून उतरवून घेतला आणि धाडसच करतेय. कामावर रुजू व्हायचं म्हणून सूनबाईंची सध्या फार धावपळ चालली आहे, त्यांना लिहायला सवड नाही, म्हणून आभार मीच मानते.

विहीणबाई, तुमच्या पत्रांतला खेळांचा तेवढा भाग सूनबाईंनी कापून फ्रिजवर लावलाय आणि मी रोज त्याच्यासमोर उभी राहून अभ्यास करते. मला मुलांना खेळवण्यातलं काडीचं कळत नव्हतं. बत्तीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं, मुलगा मशीनखालीच वाढला. गोटूला अंगणात काय द्यायचं, मला सुचेना. सूनबाईंनी तुम्हाला लिहायला सांगितलं, तेही मोठ्या अक्षरात, कारण माझ्या डोळ्यांना बारीक दिसत नाही. तुम्ही एवढं निगुतीने लिहिलंत. साठ मोजायला मला फार जड गेलं. मी वीसलाच हात पुढे करायचे. आता पंचेचाळीसपर्यंत पोचले.

एक गोष्ट तुम्ही कुठेच लिहिली नाहीत, ती म्हणजे खेळ आवरायचा कसा. मला वाटलं, ज्याला खरंच जमतं त्याला सांगायची गरज वाटत नसेल. मग मी माझ्या धंद्यातली युक्ती केली. आम्ही संध्याकाळी मशीनवर कापड घालायचो, कापड पडलं की दुकान बंद, मग राजा आला तरी शिवण नाही. मी गोटूला एक जुना टॉवेल दिला. बादली त्यानेच झाकायची. झाकली की दोन्ही हात वर करून म्हणतो, "दुकान बन!" आणि आपल्या पायांनी घरात येतो. चूक असेल तर कळवा हं, तुमच्यासमोर मी शिकाऊच.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? गुडघ्यांमुळे तुम्हाला लहान मुलामागे धावणं जमणार नाही आणि तुम्ही यायला नाही म्हणालात, असं सूनबाईंनी जानेवारीतच सांगितलं. म्हणून मी दुकान मिटवून आले. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून इथेच आहे. तुमचा नाइलाज मी समजू शकते. जिवापेक्षा काय मोठं आहे? बरं वाटलं की चार दिवस गोटूला बघायला मात्र या. माझ्याच खोलीत, छोटी आहे, पण दोघी मावू.

तुमची,
गोटूची आजी


१७ एप्रिल

भिंगरी,

तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. माझे गुडघे कसे आहेत असं त्यांनी विचारलंय. मला काय उत्तर द्यावं ते कळेना, कारण गुडघ्यांना काय झालंय हे मला माहीत नाही. तुला माहीत आहे, तर तूच कळव. काल ह्याच गुडघ्यांनी मी पेटी माळ्यावरून एकटीने खाली काढली.

जानेवारीत तू त्यांना सांगितलंस की मावशी नाही म्हणाली. चार फेब्रुवारीला तू मला लिहिलंस की छोटी खोली तुझी. त्या वेळी त्या खोलीत त्यांची पिशवी ठेवलेली होती. मी ते पत्र बालवाडीत वाचून दाखवलं गं, मोठ्या बाईंना, आयाबाईंना, शिपायाला. सगळ्यांनी मला नशीबवान म्हटलं.

दोन मार्चनंतर माझ्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. फोन केला की "गोटू रडतोय, नंतर करते." आणि तो तर टॉवेल टाकून हसत घरात जात होता! मी इथे बसून काळजी करत होते, की पोर रडतंय, लवकर जायला हवं. कसली मूर्ख बाई मी.

मी नोकरी सोडली, भिंगरी. बावीस वर्षांची. खोली सोडतेय. बसायची खुर्चीसुद्धा ठेवली नाही, जमिनीवर बसून हे लिहितेय. "मावशी, येऊ नकोस." तीन शब्द होते. राग आला असता, चार दिवस बोलले नसते, पण माझं अंगण माझ्याकडे राहिलं असतं. तू मला तोंडघशी पाडलंस, आणि वर माझ्याकडून खेळ लिहून घेतलेस.

का, ते लिही. खोटं लिहायचं असेल तर लिहू नकोस.

मावशी


२३ एप्रिल

मावशी,

चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

नवऱ्याची आई एकटी राहत होती, ह्याला काळजी होती, हे सगळं खरं आहे, पण तेवढ्यासाठी मी खोटं बोलले नसते. हा तर म्हणाला होता, मावशींना यायचंय ना, मग त्याच येऊ देत. मीच म्हटलं, तिचे गुडघे दुखतात.

तू फेब्रुवारीच्या पत्रात उडीचं लिहिलंस. तुला त्यात गंमत वाटते. मला त्यातली आई आठवते. ती दिवसभर दुकानात उभी राहून यायची आणि मी तुझ्यामागे लपायचे. ती दारात पिशवी घेऊन थांबायची आणि म्हणायची, "असू दे, उद्या येईल." मला सोडून एकटी घरी गेलीय ती, कितीतरी वेळा. आई वारली तेव्हाही मी तुझ्याच गळ्यात पडून रडले. गोटू झाल्यापासून मला ते दार डोळ्यांसमोर येतं, आणि दारात मी उभी असते.

तू आली असतीस तर महिन्याभरात तो तुझा झाला असता. तुला ते आपोआप जमतं. सासूबाईंना जमत नाही, त्यांना मोजायलाही पंचेचाळीसच्या पुढे येत नाही, म्हणून मला त्यांची भीती वाटत नाही. हे किती वाईट दिसतं लिहिलेलं.

तुला सांगायला गेले की तोंड उघडेना. आज सांगू, उद्या सांगू. तू सही केल्याचं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, मग मी फोनच उचलेनाशी झाले. पण मावशी, एक विचारू? मी तुला आवरायचं कसं ते विचारलं होतं, हात जोडून. तू म्हणालीस, ते मी आले की. तुला येत होतं आणि तू लिहिलं नाहीस. ते पत्र वाचून मला वाटलं, आपण घाबरतो ते उगाच नाही.

चुकलंच माझं. उन्हाळ्यात पंधरा दिवस राहायला ये. मी तिकीट पाठवते.

भिंगरी


२९ एप्रिल

भिंगरी,

खरं लिहिलंस, म्हणून मीही लिहिते.

आवरायचं कसं ते मला बावीस वर्षं येतंय. खेळ संपायच्या थोडं आधी पोराच्या हातात शेवटचं काम द्यायचं, ब्रश आत नेऊन उभा करायचा, बटाटे टोपलीत मोजून टाकायचे. आपण खेळ हिसकावून घ्यायचा नाही, त्याने पुरा करायचा. दोन ओळींचं काम होतं. मी ते मुद्दाम ठेवून घेतलं. तुझ्या दारात आले की गोटू रडत असावा आणि माझ्यामुळे थांबावा, एवढीच माझी इच्छा होती. सव्वादोन वर्षांच्या पोराला मी दोन महिने रडू दिलं असतं. तुझ्या सासूबाई मध्ये आल्या म्हणून वाचला. त्यांची टॉवेलची युक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, तसं मी त्यांना कळवलंय.

तुझ्या आईचंही खरं आहे. ती दारात थांबायची ते मला दिसायचं. तुला उचलून तिच्या कडेवर देणं माझ्या हातात होतं, आणि मी म्हणायचे, "राहू दे गं, आज इथेच झोपेल." मला मूल नव्हतं. हे कारण आहे, सबब नाही. तिची माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही.

पण म्हणून तुझं बरोबर ठरत नाही. तुझी आई मला तोंडावर बोलू शकली असती आणि बोलली नाही. तूही तेच केलंस, फक्त तिने स्वतःचं नुकसान करून घेतलं आणि तू माझं केलंस. जानेवारीत तू मला म्हणाली असतीस, मावशी, मला तुझी भीती वाटते, तर मी रडले असते, भांडले असते, आणि खेळ सगळे पाठवले असते, शेवटांसकट. नोकरी मात्र सोडली नसती. तू माझी बहिणीची मुलगी, पण मी तुला कधी तशी धरली नाही, पोटची धरली. परक्याने फसवलं असतं तर मी त्याला विसरून गेले असते.

पंधरा दिवसांसाठी मी येणार नाही. तुझ्या घरी मी पाहुणी म्हणून येऊ शकत नाही. तिकीट पाठवू नकोस.

उद्या खोलीची किल्ली देते. मोठ्या बाईंच्या ओळखीने एका पाळणाघरात सकाळचं काम मिळालंय, तान्ह्या बाळांचं. तिथे अंगण नाही. राहायची सोयही झाली आहे, एका विधवा बाईंकडे, माडीवर. बावीस पायऱ्या आहेत.

विहीणबाईंना मी तुझ्याविषयी अवाक्षर लिहिलेलं नाही. गुडघ्यांना थोडा आराम आहे, असंच लिहिलं. त्या माझ्यामुळे बत्तीस वर्षांचं दुकान मिटवून आल्या अशी त्यांची समजूत आहे. ती समजूत तू करून दिलीस, ती काढायची तर तूच काढ.

नवा पत्ता मी फक्त त्यांना कळवला आहे. तुला हवा असेल तर त्यांच्याकडे माग. तुझ्याच मावशीचा पत्ता तुझ्याकडे कसा नाही, असं त्या विचारतील. त्यांना काय सांगायचं ते ठरव आणि मग मला लिही.

मावशी